प्रलयाच्या अफवा का रुजतात?

जगबुडी जवळ आली आहे, मोजक्यांनाच ती ठाऊक आहे आणि सत्ताधारी ती दडवत आहेत, अशी कथा दर पिढीत नव्या रूपाने अवतरते. तिच्यावर विश्वास ठेवणारे सारे भोळे असतात, हे उत्तर सोपे असले तरी पुरेसे नाही.

अष्टग्रह योग

३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या काळात रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र आले. गोवा मुक्त होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. प्रलयाच्या भाकिताने देशभर घबराट पसरली. ठिकठिकाणी यज्ञयाग झाले. पंचांगाचे गणित बिनचूक होते, निराधार होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. खऱ्या माहितीच्या आधारावर उभी राहिलेली अफवा अशीच बळकट होते. काहीच घडले नाही, तेव्हा यज्ञांनी संकट टळल्याचे सांगण्यात आले. ऑक्टोबरात चीनचे आक्रमण होताच त्याचा संबंधही त्याच योगाशी जोडला गेला.

भाकीत फसल्यावर

अमेरिकेतील एका गटाने २१ डिसेंबर १९५४ रोजी महापूर येईल, असे मानले होते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर व सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. पूर आला नाही. तरी ज्यांनी या श्रद्धेपायी बरेच काही गमावले होते, त्यांच्यापैकी काहींनी तिचा प्रचार अधिकच जोमाने केला. चूक मान्य करण्यापेक्षा नवे स्पष्टीकरण शोधणे मनाला सोपे जाते.

अविश्वासाची जमीन

कटाचा संशय मात्र अनुभवातून वाढतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा रुग्णालयात नेऊन माणसे मारतात, अशी अफवा उठली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. अफवा खोटी होती. पण घरझडत्या, रुग्णांची सक्तीने ताटातूट आणि रुग्णालयातून न परतणारी माणसे हे सारे खरे होते. लोक रुग्ण लपवू लागले आणि रोगाला वाट मोकळी झाली.

हाच प्लेग पुढे बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत पोहोचला. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. १८९८ मध्ये हुबळीत हजारो लोकांनी ती घेतली. भीती तीच होती, परंतु तेथे लसीवर विश्वास ठेवणारेही निघाले.

हुबळी, बेळगाव आणि गोवा यांचे लोहमार्ग लोंढा जंक्शनवर एकत्र येतात. एकेकाळी बातमी आणि अफवा एकाच गाडीतून तेथे उतरत. आता त्या एकाच मोबाइलवर येतात. धास्तावलेल्या माणसाची थट्टा केल्यास तो अफवेलाच अधिक घट्ट धरतो. ज्याच्या शब्दावर गावाचा विश्वास आहे, अशा माणसाने वेळेवर दिलेली खरी माहिती हाच तिच्यावरील उतारा आहे.