लाटांचा अंदाज कसा जन्मला?

मे महिन्याची सुट्टी लागली, की घाटावरची पुष्कळ मंडळी कोकणात उतरतात. अलिबाग, दापोली, गणपतीपुळे, मालवण अशा ठिकाणी पुळण माणसांनी फुलून जाते. आभाळ निरभ्र असते, वारा बेताचा असतो. पाण्यात शिरायला याहून चांगला दिवस कोणता, असे कुणालाही वाटावे. पण अशाच एखाद्या दिवशी गावचा म्हातारा कोळी आपली होडी वर ओढून स्वस्थ बसलेला दिसतो. विचारले तर म्हणतो, "आज दर्याचं काय खरं नाय." पाहुण्यांना ते पटत नाही. वादळ नाही, पाऊस नाही, मग दर्याला झाले काय? ते हसतात आणि पाण्यात उतरतात. मग कधी कधी संध्याकाळी घाटावरच्या एखाद्या घरी जाऊ नये ती बातमी जाते.

त्या कोळ्याला काय दिसले होते? लाटा नेहमीपेक्षा सावकाश येत होत्या, पण येताना अंगाने मोठ्या होत्या, एवढेच त्याने पाहिले होते. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. पण ते त्या किनाऱ्यापुरते आणि त्या दिवसापुरते. आपण कधी न पाहिलेल्या किनाऱ्यावर परवा सकाळी किती उंचीच्या लाटा फुटतील, हे आज सांगता येईल काय? विज्ञानाने हा प्रश्न खरा हाती घेतला तो दुसऱ्या महायुद्धात, आणि सहलीला जाणाऱ्यांच्या सोयीसाठी मुळीच नव्हे. ती हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

१९४२ साल. अमेरिकेच्या कॅरोलायना किनाऱ्यावर सैनिकांना होड्यांतून पुळणीवर उतरवण्याचा सराव चालला होता. तो पाहायला वॉल्टर मंक नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ गेला. जन्माने व्हिएन्नाचा, वय पंचविशीच्या आत. त्याच्या लक्षात आले, की लाटा पाच फुटांच्या वर गेल्या की सपाट बुडाच्या त्या होड्या आडव्या होतात, त्यांत पाणी भरते, माणसे जखमी होतात आणि सराव थांबवावा लागतो. सराव थांबवता येतो, लढाई कशी थांबवणार? त्यातच त्याला समजले, की हे सैन्य उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरायचे आहे. जुनी माहिती काढून पाहिली, तर हिवाळ्यात तिथे बहुतेक दिवस सहा फुटांहून उंच लाटा! म्हणजे शत्रूची गोळी लागण्याआधी समुद्रच माणसे गिळणार.

मंकने आपले गुरू हॅराल्ड स्वेर्ड्रुप यांना गाठले. स्वेर्ड्रुप मूळचे नॉर्वेचे. त्या वेळी ते कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. दोघांनी मिळून एक रीत बसवली. तिचे सूत्र शाळेतल्या मुलालाही समजेल असे आहे. लाट वाऱ्याने उठते. तेव्हा तीन गोष्टी विचारायच्या : वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला, आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून वाहिला. गावच्या तळ्यावर कितीही सोसाट्याचा वारा सुटला तरी वीतभर लाटा उठतात, कारण त्या वाऱ्याला पल्ला नाही. तोच वारा हजार मैल मोकळ्या समुद्रावरून दोन दिवस वाहू द्या, घराएवढ्या लाटा उभ्या राहतील.

दुसरी गोष्ट अशी, की लाट उठली तिथेच राहत नाही. शिक्षक मंडळींनी हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. तळ्यात एक पान सोडा आणि थोड्या अंतरावर दगड टाका. तरंग पलीकडच्या काठाला जाऊन लागतो. पान मात्र खालीवर होऊन बहुतांशी जागच्या जागी राहते. पाणी चालत नाही, लाट चालते. वारा पडला तरी ती चालत राहते, आणि लांब लाटा आखूड लाटांपेक्षा वेगाने पुढे जातात. शेवटी किनाऱ्याजवळ पाणी उथळ होते. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली, की ती पुढे झुकते आणि फुटते.

तेव्हा दूरच्या वाऱ्याचा नकाशा हाती असेल, तर लाट किती मोठी उठली, केव्हा पोहोचेल आणि कुठे फुटेल, याचे गणित मांडता येते. त्या दोघांनी हे गणित बसवले आणि लष्करातल्या सुमारे दोनशे हवामान अधिकाऱ्यांना शिकवले. ८ नोव्हेंबर १९४२ रोजी मोरोक्कोच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले. पण खरी कसोटी पुढेच होती.

ती आली १९४४ च्या जून महिन्यात. तिकडे जून म्हणजे ऐन उन्हाळा. इंग्लंडमधून निघून, खाडी ओलांडून, फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील पाच पुळणींवर एकाच दिवशी दीड लाखाच्या आसपास माणसे उतरवायची होती. त्यासाठी दिवस कसा हवा? आकाशातून उतरणाऱ्या सैनिकांना रात्री चांदणे हवे. शत्रूने पाण्यात रोवलेले अडथळे दिसावेत म्हणून उजाडल्यानंतर लवकरच ओहोटी हवी. पंचांग पाहिल्यासारखे हिशेब करून तीन दिवस निघाले : ५, ६ आणि ७ जून. पौर्णिमा ६ तारखेला होती. म्हणजे आपण जिला उधाणाची भरती म्हणतो, तिचे हे दिवस. चंद्र आणि भरती यांचे गणित वर्षभर आधी करता येते. वारा आणि लाट यांचे तसे नसते. मुहूर्त ठरला, पण हवामानाने तो मानला पाहिजे ना!

सरसेनापती आयझेनहॉवर यांचे प्रमुख हवामान सल्लागार होते जेम्स स्टॅग. त्यांच्या हाताखाली एक नव्हे, तीन गट काम करीत. एक अमेरिकन, दोन ब्रिटिश. तिघांचे एकमत क्वचितच होई. अमेरिकन गटाला जुन्या वर्षांच्या नकाशांवरून हवा बरी राहील असे वाटे. ब्रिटिश हवामान खात्याच्या गटात नॉर्वेचे स्वेरे पेटरसन होते. त्यांना वादळ येताना दिसत होते. स्टॅग यांना मात्र सेनापतीपुढे एकच उत्तर घेऊन जायचे होते.

येथे या गोष्टीत एक पोस्ट ऑफिस येते. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉड नावाचे लहानसे ठिकाण आहे. तिथल्या पोस्टात मॉरीन फ्लॅविन नावाची तरुणी नोकरीला होती. पोस्टाच्या कामाबरोबर वायुभारमापक पाहणे, वारा आणि पाऊस नोंदवणे आणि आकडे वर कळवणे हेही तिचे काम होते. ३ जून १९४४ रोजी तिला एकविसावे वर्ष पूर्ण झाले. त्या दिवशी पहाटे तिने पाहिले, की हवेचा दाब भराभर उतरतो आहे. तिने आकडा कळवला. थोड्या वेळाने इंग्लंडहून फोन आला : आकडा पुन्हा तपासून सांगा. तिने तपासला. आकडा बरोबर होता. आपल्या आकड्यावर काय अवलंबून आहे हे तिला कुणी सांगितले नव्हते. युद्ध संपून पुष्कळ वर्षे झाल्यावर तिला ते कळले. २०२३ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी ती वारली.

४ जूनच्या पहाटे स्टॅग यांनी सांगितले, की ५ तारखेला जोराचे वारे, खाली उतरलेले ढग आणि उसळता समुद्र असणार. आयझेनहॉवर यांनी बेत चोवीस तास पुढे ढकलला. काही जहाजे निघाली होती, ती परत बोलवावी लागली. त्याच दिवशी पश्चिमेकडील नोंदींवरून दिसू लागले, की वादळाची एक फळी पुढे सरकते आहे आणि तिच्यामागे थोडी उघडीप आहे. त्या रात्री बाहेर पाऊस कोसळत असताना स्टॅग यांनी सांगितले, की ६ तारखेला हवा जेमतेम चालण्याजोगी होईल. चांगली होईल असे ते म्हणाले नाहीत. ५ जूनच्या पहाटे आयझेनहॉवर यांनी निघण्याचा हुकूम दिला.

पलीकडे जर्मनांना अटलांटिक समुद्रावरच्या नोंदी पुरेशा मिळत नव्हत्या. अशा हवेत कोण येणार, असे समजून त्यांचे सेनापती रोमेल पत्नीच्या वाढदिवसासाठी घरी गेले होते.

अंदाज खरा ठरला. पण जेमतेम म्हणजे काय, हे त्या दिवशी अनेकांनी प्राण देऊन अनुभवले. ओमाहा नावाच्या पुळणीसमोर कापडी पडदे लावून पाण्यावर तरंगणारे रणगाडे सोडले होते. ते शांत पाण्यासाठी बनवलेले. किनाऱ्यापासून काही मैलांवर २९ रणगाडे पाण्यात सोडले, त्यांतले २७ बुडाले. ज्यांच्या मदतीला ते जायचे होते, त्या पायदळाला उघड्या पुळणीवर बहुतेक त्या रणगाड्यांवाचून लढावे लागले. लाटेच्या दोन-चार फुटांची किंमत ही अशी असते.

आणि तरीही तो निर्णय योग्य होता काय? त्याचे उत्तर पंधरवड्यात मिळाले. ६-७ तारीख चुकली असती, तर पुढचा सोयीचा ओहोटीचा दिवस होता १९ जूनच्या सुमारास. नेमक्या १९ ते २२ जूनला त्या समुद्रात फार मोठे वादळ झाले. ओमाहासमोर उभारलेले कृत्रिम बंदर मोडून पडले, शेकडो होड्या किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. त्या दिवशी सैन्य निघाले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

युद्ध संपले. विज्ञान मात्र तिथे थांबले नाही. मंक यांना प्रश्न पडला, की एक लाट किती दूर जाऊ शकते? १९६३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत पॅसिफिक महासागरात ठिकठिकाणी मोजणीची यंत्रे ठेवली. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात उठलेल्या लाटा दहा हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून अलास्काच्या किनाऱ्याला लागतात, हे त्यांनी दाखवून दिले. वाटेत त्यांची शक्ती फारच थोडी कमी होते.

आता आपल्या कोळ्याकडे परत येऊ. हिंदी महासागरही दक्षिणेला मोकळा आहे. आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा तिकडे थंडीचे आणि वादळांचे दिवस येत असतात. तिथे उठलेल्या लांब लाटा दिवसाला हजार-बाराशे किलोमीटर चालतात आणि पाच-सहा दिवसांत कोकणात पोहोचतात. वादळ तिकडेच विरून जाते. केरळात अशा अवचित उधाणाला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. निरभ्र आकाशाखाली दर्या का बिघडतो, त्याचे हे एक कारण आहे.

१९९९ साली हैदराबादला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र सुरू झाले. ते आपल्या किनाऱ्यांसाठी लाटांचे अंदाज देते. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात असाच उंच लाटांचा इशारा मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यालाही दिला गेला होता. त्या इशाऱ्यामागचे गणित पुष्कळ सुधारले असले, तरी त्याचे मूळ स्वेर्ड्रुप आणि मंक यांच्या त्या कामातच आहे.

अंदाज वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. लाटांची उंची दीड मीटर, असे म्हटले तर ती सर्वांत मोठ्या लाटेची उंची नसते. येणाऱ्या लाटांपैकी मोठ्या एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यांतली एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस ओढला जातो तो बहुधा त्या एका लाटेने.

गुरुजी, शाळेची सहल समुद्रावर नेणार असाल, तर आदल्या दिवशी अंदाज पाहा. पुळणीवर पोहोचल्यावर घड्याळ हाती घ्या आणि दोन लाटांमधले सेकंद मोजा. पाच-सात भरले, तर त्या जवळच्या वाऱ्याच्या लाटा. चौदा-पंधराच्या पुढे गेले, तर पाहुणे फार लांबून आले आहेत असे समजा आणि मुलांना वाळूतच खेळू द्या. जवळच्या लाटाही काही निरुपद्रवी नसतात. म्हणून लाल बावटा असेल तर घड्याळसुद्धा काढू नका. आणि कोणी म्हातारा होडीच्या सावलीला बसलेला दिसला, तर आधी त्याला विचारा. तो "आज नको" म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका.