शिक्षिका आणायच्या कोठून?

शाळा उघडण्यास जागा, वर्गणी आणि चार वजनदार माणसांची सहानुभूती पुरते. शिक्षक मात्र अगोदर घडवावा लागतो. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी हे लवकर ओळखले. बंगालच्या जिल्ह्यांतून आदर्श पाठशाळा उघडण्याचे काम हाती येताच, १७ जुलै १८५५ रोजी, त्यांनी कलकत्त्यात नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा, सुरू केली आणि मुख्याध्यापकपदी अक्षयकुमार दत्त यांना आणले.

स्त्रियांसाठी अशी शाळा काढण्याची वेळ आली, तेव्हा मात्र याच विद्यासागरांनी विरोध केला. ही कल्पना १८६६ च्या अखेरीस इंग्लंडहून आलेल्या मेरी कार्पेंटर यांनी मांडली होती. त्यांच्यासमवेत उत्तरपाड्याची कन्याशाळा पाहून परतताना विद्यासागरांची गाडी उलटली आणि त्यांची प्रकृती कायमची ढासळली. विरोधाचे कारण अर्थात ते नव्हे. पुढील वर्षी त्यांनी लेफ्टनंट गव्हर्नर ग्रे यांना कळविले, की प्रतिष्ठित घराणी आपल्या प्रौढ स्त्रियांना हे काम करू देणार नाहीत. उरतील त्या निराधार विधवा, आणि त्यांनी पडदा सोडून शिकविणे पत्करले की लोक त्यांच्याकडे संशयानेच पाहतील. विधवाविवाहाच्या कायद्यासाठी झगडलेल्या, पस्तीस कन्याशाळा काढलेल्या पुरुषाचे हे मत भित्रेपणाचे खचितच नव्हे. समाजाचे पाणी त्यांनी जोखले होते. पुण्यात १८४८ पासून शिकविणाऱ्या सावित्रीबाईंनी काय सोसले, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

बेथून शाळेला जोडून स्त्रियांचा नॉर्मल वर्ग निघाला खरा, पण १८७२ मध्ये तो बंद पडला. विद्यासागरांचा अंदाज बरोबर ठरला. प्रश्न मात्र तसाच राहिला. मुलींच्या शाळा वाढत होत्या, त्यांत शिकविणार कोण? पुण्यात १८७० साली स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज निघाले होते. कलकत्त्यात १९०८ साली सरकारी ट्रेनिंग कॉलेज स्थापन झाले, तेच पुढे डेव्हिड हेअर ट्रेनिंग कॉलेज म्हणून ओळखले गेले.

विधवांचा प्रश्न हाती घेतला तो अबला बोस यांनी. या शास्त्रज्ञ जगदीशचंद्रांच्या पत्नी. १९१९ मध्ये त्यांनी नारी शिक्षा समिती स्थापन केली आणि पुढे, हिंगण्यास कर्व्यांनी केले त्याच जातीचे काम कलकत्त्यात उभारले: विधवांना आसरा द्यावयाचा, शिकवावयाचे आणि शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायांवर उभे करावयाचे. या संस्थेस त्यांनी नाव दिले, विद्यासागर वाणी भवन.