व्हेंटिलेटर काढणं म्हणजे मारणं का?

ठाणे-डोंबिवलीच्या आयसीयूबाहेर आपण दबक्या आवाजात विचारतो तो हा प्रश्न १९५७ मध्ये डॉक्टरांनी थेट पोपना विचारला होता. बारावे पायस म्हणाले, नेहमीचे उपचार करायलाच हवेत. स्वतःवर किंवा घरच्यांवर फार मोठा भार टाकणारे बंधनकारक नाहीत. मला हे उत्तर माणुसकीचं वाटतं.

पण नळीने दिलेलं अन्न? २००४ मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले, तत्त्वतः ते द्यायलाच हवं. इकडे मुंबईत केईएमच्या नर्स अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणालाच खिळलेल्या. त्यांना भरवणं थांबवायला सहकारी नर्सेसचा ठाम नकार. त्यासाठी त्यांना पोपला विचारावं लागलं नाही! २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचंच ऐकलं. त्याच निकालात मात्र, हायकोर्टाच्या परवानगीने, इतरांसाठी उपचार थांबवायची वाटही उघडली. अरुणा २०१५ मध्ये गेल्या.