एक उपेक्षित गीतसंग्रह

22 नोव्हेंबर 1968 या दिवशीं इंग्लंडच्या बाजारांत दोन ध्वनिमुद्रिका एकदमच आल्या. त्यांतील एक बीटल्स या जगद्विख्यात वृंदाची होती. तिच्यावर श्रोत्यांच्या उड्या पडल्या. दुसरी किंक्स नांवाच्या वृंदाची. ‘द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी’ असें तिचें लांबलचक नांव होतें. खपाच्या यादींत या नांवाला इंग्लंडमध्यें स्थान मिळालें नाहीं, अमेरिकेंतहि नाहीं. तथापि त्या दशकांतील उत्कृष्ट रॉक संगीताची गणना करतांना आज जाणते लोक हा संग्रह विसरत नाहींत. असें कां व्हावें?

किंक्स वृंद उत्तर लंडनमधील रे व डेव्ह डेव्हीस या बंधूंचा. 1964 सालीं ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यानें त्यांस कीर्तीच्या शिखरावर नेलें. ध्वनिवर्धकाचा पडदा पात्यानें चिरून धाकट्या डेव्ह यांनीं गिटारचा जो खरखरीत सूर काढला, त्याचें अनुकरण पुढें अनेकांनीं केलें. परंतु 1965 सालच्या दौऱ्यानंतर अमेरिकेंतील वादकसंघाच्या अवकृपेमुळें या वृंदाला त्या देशाचीं दारें 1969 पर्यंत बंद राहिलीं. मोठी पेठ हातची गेली, आणि गीतकार रे यांची दृष्टि घराकडे वळली.

व्हिलेज ग्रीन म्हणजे इंग्रजी खेड्याच्या मध्यभागीं सर्वांसाठीं राखलेलें हिरवें कुरण. तेथें क्रिकेट चालावें, जत्रा भराव्या. आपल्याकडील गांवच्या पारासारखेंच तें विसाव्याचें ठिकाण. अशा मोडत चाललेल्या गोष्टींवर रे यांनीं गाणीं रचलीं. परंतु तें सालच निराळें होतें. पॅरिसमध्यें विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, व्हिएतनाममध्यें युद्ध पेटलें होतें आणि रॉक संगीतांतील दणदणाट वाढत होता. त्या गदारोळांत जतनाची हळुवार गोष्ट ऐकावयास कोणास सवड होती?

तथापि या संग्रहाला नुसता गतकालाचा उमाळा म्हणतां येणार नाहीं, आणि तेथेंच त्याची थोरवी आहे. ऑगस्ट 1968 मध्यें ब्रिटिश रेल्वेनें आपल्या मुख्य मार्गांवरील वाफेचीं इंजिनें बंद केलीं. संग्रहांतील एका गाण्यांत असेंच एक शेवटचें इंजिन बोलतें. तें टिकलें आहे, परंतु संग्रहालयांत! जतन झालें, पण धांवणें थांबलें, ही वेदना त्या गाण्यांत आहे. दुसऱ्या एका गाण्यांत वॉल्टर या बालमित्राची आठवण निघते; परंतु आज तो भेटलाच तर दोघांना बोलण्यासारखें कांहीं उरलें नसेल, हेंहि गाणारा जाणतो. छायाचित्रांवरील दोन गाण्यांत तर, आपल्या अस्तित्वाचा पुरावा मागें ठेवूं पाहणाऱ्या मनुष्याची धडपड थट्टेच्या सुरांत मांडली आहे. स्मृति जपावी, पण तिच्यावर भाबडा विश्वास ठेवूं नये, असा समतोल सबंध संग्रहांत आढळतो.

संग्रहाची घडणहि बाजाराच्या सोयीची झाली नाहीं. प्रथम 12 गाण्यांची आवृत्ति तयार होती. ती इंग्लंडमध्यें निघण्यापूर्वीं रे यांनीं थांबविली व गाण्यांची संख्या 15 केली. या फेरफारांत, त्याच वर्षीं लोकप्रिय झालेलें ‘डेज’ हें गाणें वगळलें गेलें आणि इंजिनाचें गाणें आंत आलें. खपाच्या दृष्टीनें हा तोटाच. पण संग्रहाचा आशय त्यामुळें भरीव झाला. पुढच्याच वर्षीं पीट क्वेफ हे वादक वृंद सोडून गेले, आणि मूळच्या चौघांची हीच अखेरची ध्वनिमुद्रिका ठरली.

पुढें नव्या पिढीचे गायकवादक या तबकडीकडे वळले. 2004 सालीं एका जाहिरातींतून त्यांतील ‘पिक्चर बुक’ हें गाणें पुष्कळ घरांत पोंचलें. प्रकाशनास 50 वर्षें झालीं त्या 2018 सालीं, इंग्लंडमधील खप एक लक्षावर गेल्याबद्दल या संग्रहाला सोनेरी तबकडीचा मान मिळाला. जतनाचीं गाणीं गाणाऱ्या या संग्रहाचें जतन अखेर श्रोत्यांनींच केलें.