वड्याचे तेल वांग्यावर

(वाक्प्रचार, क्रियापद ‘काढणे’.) ज्याने दुखावले त्याच्यापुढे ब्र काढण्याची सोय नाही, म्हणून तो राग तिसऱ्याच, सहसा दुबळ्या आणि निर्दोष माणसावर काढणे. मानसशास्त्रातली संज्ञा विस्थापित आक्रमकता. मूळ हिशेब स्वयंपाकघरातला : वडे तळताना तेल वारेमाप गेले, ते वांग्याच्या भाजीत हात आखडून भरून काढायचे. वांग्याचा अपराध काही नाही; ते वड्यांनंतर चुलीवर चढले, इतकेच.

‘लेकी बोले सुने लागे’शी याची गल्लत करू नये. तिथे बोलणे लेकीला असले तरी ते पोचायचे असते सुनेलाच, आणि पोचते. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण जवळची, पण तिचा रोख आंधळ्या न्यायावर आहे. वड्याच्या तेलात आंधळेपणा कमी. समोरचा ‘तो’ नव्हे, हे राग काढणाऱ्याला बहुधा ठाऊक असते.

या वाक्प्रचाराचे हक्काचे घर म्हणजे सासुरवास. हिर्डोशीचे उदाहरण घ्यावे. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना लागणारे नीरेचे हे खोरे, जुन्या कागदांतले हिरडस मावळ. भातखाचरे, नाचणीचे उतार, आणि कामाला मुंबई-पुण्याकडे गेलेले पुरुष. मागे घरात सासू आणि सून. सासूने जे सोसले ते तिच्या सासूच्या हातून; ती केव्हाच मातीआड झाली. नवऱ्याला जाब विचारण्याची रीत नव्हती. वीस-पंचवीस वर्षांनी उंबऱ्यातून नवी पोर आत येते आणि तुंबलेल्या रागाला उतार मिळतो. राग जुना असला तरी निमित्त ताजे लागते : भाकरी करपली, हंडा उशिरा आला. प्रयोगांतही असेच दिसले आहे. आधी डिवचल्या गेलेल्या माणसाशी नंतर कोणी किरकोळ चुकला, तर त्या चुकीच्या मानाने त्याचा भडका कितीतरी मोठा असतो.

राग काढायला सुनेच्या हाताखाली पोर असते, दावणीला जनावर असते. पण तिच्यापुढे आणखी एक गोष्ट असे, ती म्हणजे जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागापासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवासाचे गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा येते. पहाटे बाया दोघी-दोघींनी दळत बसत, आणि सासूला तोंडावर जे बोलता येत नसे ते दगडापुढे गाण्यात येई. राग नुसता ओकल्याने तो शमतो, असे मात्र समजू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, चिडवणाऱ्याची आठवण काढत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारणारे अधिकच चिडलेले निघाले. ओवीचे काम निराळे असावे. तिच्यात कोणाला मारायचे नसते, कोणी दुखावले ते सांगायचे असते, आणि ऐकायला शेजारी खुंट्याला हात लावून बसलेली दुसरी बाई असते.

दुखावणाऱ्याला चेहराच नसला म्हणजे पंचाईत वाढते. हिर्डोशीच्याच खोऱ्यात नीरा-देवघर धरण आहे. त्याच्या कालव्याचे पाणी पूर्वेला फलटण-माळशिरससाठी. धरणाखाली जमीन जाते तेव्हा निर्णय घेणारा दूर असतो, गावात दिसतो तो मोजणीला आलेला कारकून, आणि राग निघतो तो त्याच्यावर.

अशा वाट बदललेल्या रागाचा अभ्यास जुना आहे. येल विद्यापीठातल्या जॉन डॉलर्ड, नील मिलर आदींनी १९३९ मध्ये वैफल्य आणि आक्रमकता यांचा संबंध मांडला. मिलर आणि बुगेल्स्की यांनी शिबिरातल्या तरुणांची सिनेमाची संध्याकाळ बुडवली आणि आधी-नंतर त्यांची मते विचारली. या प्रकाराशी काडीचा संबंध नसलेल्या जपानी आणि मेक्सिकन लोकांविषयीचे मत नंतर खालावले. हा निबंध १९४८ चा.

त्याच वर्षी महाराष्ट्रात हे प्रयोगाबाहेर घडले. ३० जानेवारीला नथुराम गोडसेने गांधीजींचा खून केला. गोडसे पुण्याच्या वृत्तपत्राचा संपादक, जातीने चित्पावन ब्राह्मण. एवढ्या धाग्यावरून पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कोल्हापुरात चित्रपट-दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. मुंबईत जमावाने दंतवैद्य डॉ. नारायणराव सावरकरांना दगडांनी गंभीर जखमी केले. ते १९४९ मध्ये वारले. त्यांच्याकडे बोट दाखवायला कारण होते ते भावाचे, हिंदुत्ववादी नेते वि. दा. सावरकरांचे, आडनाव. दुःख खरे होते, यात शंका नाही. पण आग कोणत्या दाराला लागावी हे गावोगावी नुसत्या दुःखाने ठरवले नव्हते. कुळ-सावकारीची जुनी बाकी आणि जातीचा सल आधीपासून होताच. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ (१९६४) ही कादंबरी त्याच दिवसांची, पुण्याहून आपापल्या घराकडे निघालेल्या ब्राह्मण तरुणांची आहे.