परळमध्ये पाहण्यासारखे काय आहे?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाची सहल मुंबईला नेण्याचे ठरले. ठेकेदाराने स्थळांची यादी आणून दिली : गेटवे ऑफ इंडिया, हँगिंग गार्डन, राणीचा बाग, सिद्धिविनायक, रात्री मरीन ड्राइव्ह. मी एवढेच म्हणालो की यातला अर्धा दिवस परळ-दादरला द्यावा. त्यावर एका सहकाऱ्याने अगदी निर्मळ मनाने विचारले, "सर, परळमध्ये पाहण्यासारखे काय आहे?"

त्या प्रश्नात द्वेष नव्हता. म्हणूनच तो मला जास्त लागला. द्वेषाला उत्तर देता येते, पण ज्याला आपला इतिहास दिसतच नाही त्याला काय दाखवायचे? त्या दिवशी मला उत्तर जमले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे. देवपुरातून, साक्रीतून, चाळीसगाव-जळगावातून जे विद्यार्थी आणि कार्यकर्ते मुंबईला जातात, त्यांच्या हाती ते पडावे एवढीच अपेक्षा.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती मुंबईला गेली ती फक्त सहा डिसेंबरला. परत आल्यावर गल्लीतल्या बायका विचारायच्या, राणीचा बाग पाहिला का, समुद्र पाहिला का? ती म्हणायची, "बाबासाहेबनं घर दखी उनू." लहानपणी मला वाटे, आजीने मुंबई पाहिलीच नाही. आज वाटते, आमच्या घरात मुंबई पाहिलेली ती पहिली व्यक्ती होती.

१

स्थळदर्शन ही आपण साधी करमणूक समजतो. वाटेल तिथे जावे, उभे राहावे, पाणी प्यावे, पाहावे आणि परत यावे. पण हा हक्क आपल्या बापजाद्यांना नव्हता, आणि त्याचा पुरावा आपल्याच लोहमार्गावर आहे.

१९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळ्याचे काम आटोपून मुंबईला परतताना बहिष्काराच्या एका प्रकरणाची माहिती घेण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर वस्तीतली माणसे न्यायला आली होती. परंतु अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकणे एकाही टांगेवाल्याला मान्य नव्हते. पाहुण्याला पायी नेणे वस्तीला कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकायला मात्र वस्तीतलाच माणूस बसला. त्याला टांग्याची सवय नव्हती. नाल्यावरच्या मोरीवर चाक अडकले आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. परदेशातून दोन विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, कायदेमंडळाचा सभासद, चाळीसगावच्या टांगेवाल्याच्या लेखी फक्त अस्पृश्य होता.

दुसरा प्रसंग १९३४ चा, आणि तो तर सहलीचाच आहे. बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने धुळीने माखलेल्या काही जणांनी किल्ल्याच्या दारालगतच्या हौदावर हातपाय धुतले. हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर धावून आला. पुढे किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर शस्त्रधारी शिपाई देण्यात आला. आपल्या देशातला किल्ला पाहणाऱ्या माणसांमागे पहारा! त्या दिवशी हौद अडवणारे मुसलमान होते, चाळीसगावचे टांगेवाले हिंदू. या वागणुकीत दोघांचे एकमत होते, हे बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे.

वास्तविक सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्येच मंजूर केला होता. त्याचाच आधार घेऊन १९२७ साली महाडचा संग्राम झाला. 'सार्वजनिक स्थळ' या शब्दाला जो अर्थ आज आहे, त्यासाठी माणसांनी मार खाल्ला आहे. सहलीच्या बसमध्ये चढताना आपल्या मुलांना एवढे तरी ठाऊक असावे.

२

आता परळच का? आपल्या इतिहासाचे पत्ते परळ, नायगाव, दादर, वरळी, भायखळा याच पट्ट्यात का सापडतात? योगायोगाने नव्हे. गिरण्या, रेल्वेचे कारखाने, गोदी आणि नगरपालिकेची सफाई, जिथे आपल्या माणसांना काम मिळाले तिथेच त्यांना डोके टेकायला जागा मिळाली. ब्राह्मण आळीत किंवा व्यापाऱ्यांच्या पेठेत भाड्याने खोली कोण देणार? १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला, त्याने बी. आय. टी. चाळी बांधल्या. विसाच्या दशकात विकास खात्याने बी. डी. डी. चाळी बांधल्या. एकेक खोली, लांब सज्जा, सामाईक नळ, सामाईक संडास. दलितांचे राजकारण, त्यांची वृत्तपत्रे, त्यांचे साहित्य या सज्ज्यांतून जन्मले.

गिरणीतसुद्धा जात होतीच. कापड खात्यात पगार जास्त, पण तिथे धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे. म्हणून त्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. त्याची जागा सूतखात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. परळच्या रस्त्यावरून चालताना दिसणारे धुराडे आता एखाददुसरेच उरले आहे, पण ते दिसले की या सुताची आठवण व्हावी. वर्ग आणि वर्ण हे दोन प्रश्न इथे एकाच भोंग्याने कामाला निघत.

३

आता वाट सांगतो. ती पायी चालावी. २०२३ पासून धुळ्याहून थेट दादरला गाडी आहे, ही आपली मोठीच सोय झाली.

दादरला पूर्वेस उतरा. हिंदू कॉलनीत राजगृह आहे. तिसाच्या दशकाच्या आरंभी बाबासाहेबांनी ते बांधले, मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. खोली नाकारल्या जाणाऱ्या जातीतला माणूस घर बांधतो आणि घराचा मोठा वाटा पुस्तकांना देतो, हे ध्यानात ठेवून आत जा. याच घरात २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. जुलै २०२० मध्ये या घराच्या आवारात मोडतोड झाली होती, हेही विसरू नका.

तिथून नायगाव. मे १९३६ च्या अखेरीस इथेच मुंबई इलाख्यातील महार परिषद भरली आणि धर्मांतराची दिशा बाबासाहेबांनी लोकांना समजावून दिली. याच दादर-नायगाव परिसरातल्या बंगाली हायस्कूलमध्ये २ मार्च १९५८ रोजी पहिले दलित साहित्य संमेलन झाले. उद्घाटक होते अण्णाभाऊ साठे, ज्यांचे घर होते घाटकोपरच्या चिरागनगरची झोपडी. आपण वर्गात 'दलित साहित्याचा उगम' शिकवतो, तो उगम असा रस्त्याला लागून आहे.

दक्षिणेकडे चालत परळला या. दामोदर हॉल १९२२ चा. ९ मार्च १९२४ ला इथे सभा झाली आणि २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटनही १९२४ चेच, ४ डिसेंबरचे. एकाच शहरात, एकाच वर्षी दोन दारे उघडली. एक राजाच्या स्वागताची आठवण म्हणून, दुसरे वेशीबाहेरच्या माणसांसाठी. पहिल्यापुढे रोज हजारो माणसे छायाचित्रे काढतात. दुसऱ्याचा पत्ता ठेकेदाराला ठाऊक नसतो.

जवळच पोयबावडी. १९२० च्या ३१ जानेवारीला निघालेल्या 'मूकनायक'चे कार्यालय या भागात होते. इथल्याच बी. आय. टी. चाळ क्रमांक एकमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत बाबासाहेब १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. ते लंडनमध्ये ग्रंथालयात बसलेले असताना रमाबाई या चाळीत संसार ओढत होत्या. जिन्याच्या पायऱ्या चढताना त्या बाईचा विचार आधी करा. आणि एक सूचना : चाळ म्हणजे लोकांचे घर. मोठ्याने बोलू नका, विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नका. सज्ज्यात एखादे वृद्ध बसलेले दिसले तर नमस्कार करा, जयभीम म्हणा. पुष्कळदा पुस्तकात नसलेले तिथे ऐकायला मिळते.

परळच्याच कामगार मैदानावर ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध, स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले होते. नरे पार्कवर मे १९५६ च्या बुद्धजयंतीला बाबासाहेबांनी येत्या ऑक्टोबरातील धर्मांतराची घोषणा केली. मग वरळीच्या बी. डी. डी. चाळी. ५ जानेवारी १९७४ ला इथे पँथरची सभा उधळली गेली आणि दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चावर परळमध्ये दगडफेक झाली, त्यात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. वयाने तो आपल्या विद्यार्थ्यांएवढाच होता.

दुसऱ्या दिवशी भायखळ्याचा बाजार पाहा. बाबासाहेब आणि रमाबाईंचे लग्न याच बाजाराच्या उघड्या छपराखाली, रात्री दुकाने उठल्यावर लागले. चर्नी रोड स्टेशनलगतच्या बागेत शाळकरी भीमराव वाचत बसे. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची त्याच्यावर नजर गेली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. चौपाटीला जाणारे या बागेवरूनच जातात! गावदेवीचे मणिभवन सर्व याद्यांत असते. १४ ऑगस्ट १९३१ रोजी गांधीजी आणि बाबासाहेब यांची पहिली भेट तिथे झाली, एवढे मात्र आपण आपल्या मुलांना स्वतःहून सांगावे लागेल. शेवटी फोर्ट. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर जरा वेळ बसा. माझ्यासारखा घरातला पहिला पदवीधर तिथे बसला की आपली पदवी कुठून आली ते त्याला कळते.

मग खुशाल गेटवेला जा. समुद्र सर्वांचा आहे. आणि संध्याकाळी चैत्यभूमीवर.

४

या वाटेत एक अडचण आहे, ती लपवून ठेवत नाही. यातली पुष्कळ ठिकाणे आपल्या मालकीची कधीच नव्हती. भाड्याची खोली, दुसऱ्याचे सभागृह, नगरपालिकेचे मैदान. ज्यांच्यापाशी सत्ता आणि संपत्ती होती त्यांनी दगडी वास्तू उभ्या केल्या. आपण सभा घेतली आणि सतरंजी गुंडाळून घरी गेलो. म्हणून आपला इतिहास सहज पुसला जातो. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बाबासाहेबांचा छापखाना पाडण्यात आला. दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या चाळी जाऊन तिथे मनोरे उठत आहेत.

पण या चाळी तशाच राहाव्यात असे मी म्हणावे काय? १६० चौरस फुटांत तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला ऑगस्ट २०२५ पासून ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळू लागल्या आहेत. त्याने माझ्या सहलीसाठी सामाईक संडासाच्या रांगेत उभे राहावे, असे म्हणणारा मी कोण? दुसऱ्याच्या दारिद्र्याला वारसा म्हणणे हा प्रस्थापितांचा छंद आहे. आपण तो उचलू नये. भिंत जाणार. म्हणून भिंतीवरची तारीख माणसांच्या तोंडी राहिली पाहिजे. जे अजून उभे आहे ते आताच चालत जाऊन पाहावे, मुलांना दाखवावे, लिहून ठेवावे. आजीने हेच केले होते, फक्त तिला लिहिता येत नव्हते.

आणि परत आल्यावर धुळ्याकडेही याच नजरेने पाहावे. आपल्या शहराची ओळख करून देताना राजवाडे संशोधन मंडळाचे नाव निघते, ते योग्यच आहे. पण लळिंगच्या डोंगरातल्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब मुक्कामाला होते, आणि दरवर्षी त्या तारखेला आपली माणसे तिथे जमतात, हे किती जण पाहुण्याला सांगतात?

आमची सहल त्या वर्षी ठेकेदाराच्या यादीप्रमाणेच गेली. परतीच्या वाटेवर पहाटे बस चाळीसगावला चहासाठी थांबली. दोन-चार मुले माझ्याशेजारी उभी होती. मी त्यांना टांग्याची गोष्ट सांगितली. एक मुलगी स्टेशनकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सर, ती मोरी कुठे आहे? आपण बघू या ना."

सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. पाहण्यासारखे काय आहे हे परळने सांगायचे नसते. ते विचारणारा माणूस आधी तयार व्हावा लागतो.