नान (थायलंड)

नान : उत्तर थायलंडच्या पूर्व कडेवरचा डोंगराळ प्रांत आणि त्याच नावाचे त्याचे मुख्य शहर. उत्तरेला व पूर्वेला लाओसची सीमा. क्षेत्रफळ सुमारे साडेअकरा हजार चौ. किमी., म्हणजे सातारा जिल्ह्याहून थोडे मोठे. वस्ती मात्र पावणेपाच लाखांच्या आसपास, साताऱ्याच्या सहाव्या हिश्शाएवढीही नाही. उच्चार उतरत्या सुरात ‘नान’. तंदुरातल्या नानशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगावे लागते, कारण पहिल्यांदा नाव ऐकणारा मराठी माणूस हटकून हसतो. जुन्या कागदपत्रांत शहराचे नाव ‘नंदबुरी’ असे येते. थाई ‘बुरी’ म्हणजे आपली पुरी.

प्रांताची लांबी-रुंदी सांगून नानचा स्वभाव कळत नाही. तो कळतो रस्त्यावरून. बँकॉकहून इथे यायला जवळपास ६७० किमी. अंतर पडते आणि रात्रीच्या बसला दहा तास लागतात. रेल्वे नाही, सर्वांत जवळचे मोठे स्टेशन शेजारच्या फ्रे प्रांतातले देन चाय. विमानतळ लहान आहे. बँकॉकच्या दोन मुआंग विमानतळावरून सव्वा तासात पोचता येते. पण च्यांग माईला जाणारा परदेशी प्रवासी वाट वाकडी करून सहसा इकडे वळत नाही. नान कुठे जाताना लागत नाही, तिथे मुद्दाम जावे लागते. या आडवाटेनेच नानचे बरेचसे घडवले आहे.

इतिहास. नानचे राज्य सुरू झाले आजच्या पुआ तालुक्यात, वरनगर या गावी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फू खा घराण्याच्या हाती. १३५९ च्या सुमारास राजधानी नान नदीच्या पूर्वेला चे हेंगच्या टेकडीपाशी आली. तिथे पाण्याचे हाल होऊ लागले तेव्हा १३६८ मध्ये नदी ओलांडून पश्चिम तीरावर, आजच्या जागी वसली. १४५० मध्ये लान्ना या उत्तरेकडच्या राज्याच्या तिलोकराज राजाने नान घेतले. त्यामागे बो क्लुआच्या मिठाच्या विहिरींवर त्याचा डोळा होता, असे सांगितले जाते. पुढे ब्रह्मी सत्ता आली. लढायांच्या धामधुमीत शहर दोनदा ओसाड पडले आणि १७८८ मध्ये नानच्या राजाने बँकॉकचे मांडलिकत्व पत्करले. मांडलिक म्हटले तरी कारभार बराच काळ स्वतःचाच चालला. शेवटचा राजा १९३१ मध्ये वारला, त्याच्या जागी दुसरा नेमला नाही आणि राज्य संपले. कुणी तहात जिंकले वा हरले, असे काही झाले नाही. या घराण्यातल्या एका राजाचे नाव थाई उच्चारात ‘अनन्तवोररित्तिदेत’ असे होते. सावकाश वाचले की आतून ‘अनंतवरऋद्धितेज’ बाहेर येते. थाई नावांशी मराठी वाचकाने असा खेळ जरूर करावा, निम्मा परकेपणा तिथेच गळून पडतो.

त्यानंतरची एक आडवाट कमी देखणी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लाओसलगतच्या डोंगरांत थाई कम्युनिस्ट पक्षाचे सशस्त्र तळ होते. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांचे हत्याकांड झाले, आणि देशभरातून जे तरुण जंगलात निघून गेले त्यांतले काही याही रानात आले. त्या काळात पर्यटन सोडाच, पुढच्या गावी जायलाही लोक दोनदा विचार करत. आज सहलीला जाणारे ज्या घाटरस्त्यांवर थांबून फोटो काढतात, त्यांतले काही मुळात लष्कराची वाहने डोंगरात नेण्यासाठी कापले गेले.

वाट फूमिन. थाई ‘वाट’ म्हणजे देऊळ. नानमध्ये एकच देऊळ पाहायला वेळ असेल तर हे. १५९६ मध्ये बांधले गेले, १८६७ ते १८७४ या काळात अनंतवरऋद्धितेज राजाने त्याचा जीर्णोद्धार केला. थायलंडमध्ये सामान्यतः भिक्षूंच्या दीक्षाविधीचे उपोसथागार आणि लोकांच्या पूजेचा विहार या दोन वेगळ्या इमारती असतात. इथे दोन्ही एकाच छताखाली आहेत. आराखडा फुलीसारखा, चारही दिशांना दारे. मध्यभागी चार बुद्धमूर्ती पाठीला पाठ लावून बसलेल्या, त्यामुळे कोणत्याही दाराने आत गेले तरी बुद्ध समोरच. बाहेरून दोन मोठे नाग सबंध इमारत पाठीवर घेऊन निघाल्यासारखे दिसतात. डोकी उत्तरेच्या पायऱ्यांवर, शेपट्या दक्षिणेला.

आतल्या भिंतींवर जातककथा रंगवल्या आहेत. एक खद्धन कुमाराची, लान्ना भागात लोकप्रिय असलेली. दुसरी नेमिराजाची, पाली जातकसंग्रहातली, ज्यात राजाला स्वर्ग आणि नरक दाखवून आणतात. अजिंठा पाहिलेल्या माणसाला जातकचित्रे नवी नाहीत. इथे नवे आहे ते असे, की बोधिसत्त्वापेक्षा गावच जास्त रंगवले आहे. माग चालवणारी बाई, पोरांचा घोळका, अंगणातली थट्टामस्करी, टोपीवाले गोरे, धूर सोडणारी आगबोट. चित्रकार ताई लुए समाजातला थित बुआफन होता असे मानतात. कथा धर्माची आणि तपशील चावडीवरचा, हे मिश्रण त्याला सहज जमले आहे.

सर्वांत प्रसिद्ध चित्र पश्चिमेच्या दाराशेजारी आहे. जवळजवळ माणसाच्या उंचीचे एक जोडपे. पुरुषाच्या मांड्यांवर गोंदण, केस वर बांधलेले. एक हात तिच्या खांद्यावर, दुसरा तोंडाच्या कडेला आडवा धरून तो तिच्या कानाशी काही सांगतो आहे. ती सरळ समोर बघते, पण लक्ष कानात आहे, हे तिच्या डोळ्यांवरून कळते. स्थानिक लोक त्यांना ‘पू मान या मान’ म्हणतात. ‘मान’ म्हणजे तिकडच्या बोलीत ब्रह्मी माणूस. आता हे कुजबुजणारे जोडपे टी-शर्टवर, मगवर, चावीच्या साखळीवर, कॉफीच्या दुकानाच्या पाटीवर आहे. अख्ख्या प्रांताची ओळख एका कुजबुजीवर उभी राहावी, हे या शांत गावाला शोभते. पण मगवरचे जोडपे आधी पाहून नंतर भिंतीकडे जायचे म्हणजे नवेपणा जरा कमी होतो. म्हणून आधी भिंत पाहावी.

शहरातली इतर देवळे चालत फिरण्याजोगी आहेत. वाट फ्रा थात चांग खाम येथे चैत्याच्या चौथऱ्यातून अर्धे बाहेर आलेले हत्ती त्याला खांदा देऊन उभे आहेत, आणि चालत्या बुद्धाची सोन्याची मूर्ती आहे. सुखोथाई शैलीतला हा चालता बुद्ध भारतीय डोळ्यांना वेगळाच वाटतो. आपण बुद्ध बसलेला, उभा वा निजलेला पाहतो. इथे तो टाच उचलून निघालेला असतो. समोरच जुना राजवाडा, सूर्यफोङ राजाने १९०३ मध्ये बांधलेला, आता राष्ट्रीय संग्रहालय. त्यातला काळपट हस्तिदंत ९७ सेंमी. लांब आणि १८ किलो वजनाचा असून गरुडाच्या लाकडी मूर्तीच्या खांद्यावर ठेवलेला आहे. संग्रहालयाच्या आवारात पांढऱ्या चाफ्याची दुतर्फा रांग आहे. फांद्या वर एकमेकींत गुंतून बोगदाच झाला आहे. चाफ्याला थाईत पूर्वी ‘लंथोम’ म्हणत. तो शब्द दुःखाच्या थाई शब्दाशी जुळतो म्हणून लोक ते झाड दारात लावेनात. मग नाव बदलून ‘लीलावदी’ ठेवले, म्हणजे आपली लीलावती, आणि झाड हॉटेलांच्या बागांत शिरले.

नदीपलीकडे दोन-तीन किमी.वर वाट फ्रा थात चे हेंग. ‘थात’ म्हणजे धातू, बुद्धाचे अवशेष. सोनेरी चैत्य सुमारे ५५ मी. उंच आहे आणि टेकडी चढणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नागांची लांबलचक शरीरे आहेत. उत्तर थायलंडच्या रिवाजात बारा वर्षांच्या चक्रातल्या प्रत्येक जन्मवर्षाला एकेक चैत्य नेमून दिलेला आहे. सशाच्या वर्षी जन्मलेल्यांनी आयुष्यात एकदा तरी चे हेंगला यावे. फेब्रुवारी-मार्चमधल्या पौर्णिमेच्या जत्रेत बांबूचे अग्निबाण उडवतात. पश्चिमेला खाओ नोईच्या टेकडीवर उभ्या बुद्धाची ९ मी. उंच मूर्ती शहराकडे तोंड करून आहे. भल्या सकाळी खाली धुके असते आणि त्यातून देवळांचे कळस तेवढे वर येतात.

देवळात शिरताना चपला बाहेर, गुडघे व खांदे झाकलेले, बसताना पाय मूर्तीकडे नकोत. हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. शिकावे लागते ते इतकेच, की भिक्षूला बाईने हात लावायचा नसतो आणि देण्याची वस्तूही थेट हाती द्यायची नसते.

बाजार. उत्तरेच्या बोलीत बाजाराला ‘काद’ म्हणतात. त्यांची वेळ फार लवकर असते. सूर्य वर यायच्या आत भाजी, रानातले कोंब, केळीच्या पानात उकडलेली पुरचुंडी, चिकट भाताच्या पिशव्या, भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ‘नाम फ्रिक नुम’ हा ठेचा, डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे मांडलेले असतात. भिक्षेला निघालेले भिक्षू त्याच गर्दीतून अनवाणी जातात. आठ-नऊच्या सुमारास सगळे आवरते. नऊला उठून बाजार पाहायला निघालेल्या प्रवाशाला फक्त झाडू मारणारे दिसतात.

शुक्रवार ते रविवार संध्याकाळी वाट फूमिनला लागून रस्ता वाहनांना बंद होतो आणि ‘काद खुआंग मुआंग’ भरतो. खाणे विकत घ्यायचे आणि देवळाशेजारच्या मोकळ्या पटांगणात चटईवर, बुटक्या गोल टेबलांभोवती मांडी घालून खायचे. टेबल आणि चटईचे पैसे लागत नाहीत. एका कोपऱ्यात म्हातारे वाद्य घेऊन बसतात, पोरे चटयांमधून पळतात. बँकॉकच्या रात्रबाजारातली ओढाताण इथे नाही. विकणारी बाई हाक मारत नाही, विचारले तर सांगते.

इथल्या दोन पदार्थांत मराठी माणसाला ओळखीचे काही सापडते. पहिला, मखवेन घालून तळलेली कोंबडी. मखवेनचे वाळलेले फळ तोंडात टाकले की आधी लिंबाचा वास, मग जिभेला मुंग्या. मालवणी किंवा गोव्याच्या माणसाला लगेच बांगड्याची आमटी आठवेल, कारण हे तिरफळ आहे. वनस्पतिशास्त्रात मखवेनला झँथोझायलम लिमोनेला म्हणत आले आहेत आणि आपल्या तिरफळाला झँथोझायलम रेटसा. अनेक अभ्यासक ही एकाच झाडाची दोन नावे मानतात. फरक वापरातला. कोकणात तिरफळ ठेचून रश्शात टाकतात आणि खाताना बाजूला काढतात. नानमध्ये ते कुटून मांसालाच चोळतात, बाजूला काढायचा प्रश्नच नाही. दुसरा, ‘नाम न्गियाव’ हा तांबडा रस्सा, तांदळाच्या शेवयांवर ओतलेला. त्यात काटेसावरीच्या फुलांचे वाळवलेले केसर घालतात. फाल्गुनात आपल्याकडे ही फुले रस्त्यावर सडून जातात.

याखेरीज नान नदीतले शेवाळ, ‘काय’. पाणी स्वच्छ आणि उथळ असते त्या हिवाळ्यात बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ते लांब धाग्यांसारखे ओढून काढतात, धुतात, वाळवतात आणि तीळ-मीठ लावून भाजतात. था वांग फा तालुक्यातले नोंग बुआ हे ताई लुए लोकांचे गाव यासाठी ओळखले जाते. तिथल्या देवळातही थित बुआफनच्या हातची समजली जाणारी चित्रे आहेत, आणि बघायला वाट फूमिनची गर्दी नसते. ताई लुए बायकांच्या मागावरच्या लुंगीत ‘लाय नाम लाय’ म्हणजे वाहत्या पाण्याची नक्षी असते. बाजारात तीच नक्षी छापील कापडावरही मिळते. उलटी बाजू पाहावी, विणीचे रंग दोन्हीकडे असतात.

नदी. नान नदी याच प्रांतात बो क्लुआच्या डोंगरात उगम पावते आणि खाली नाखोन सावन येथे पिंग नदीला मिळते. तिथून पुढे तिला चाओ फ्राया म्हणतात. बँकॉकच्या पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा असा या आडबाजूच्या प्रांतातला आहे. वर्षावास संपण्याच्या सुमारास नदीत होड्यांच्या शर्यती होतात. होड्या अखंड ओंडक्यातून कोरलेल्या, नाळेवर जबडा उघडलेला नाग. मोठीत पन्नासहून जास्त वल्हेकरी. नदीने शहराला त्रासही कमी दिलेला नाही. १८१७ च्या पुरानंतर सबंध शहर उत्तरेला हलवावे लागले, १८५५ मध्ये ते परत जुन्या जागी आले. ऑगस्ट २०२४ आणि जुलै २०२५ मध्येही शहरात पाणी शिरले. डोंगरउतारावरचे जंगल तोडून कोंबड्यांच्या खाद्यासाठी मका लावला गेला, त्या उघड्या उतारांकडे यासाठी बोट दाखवले जाते. मार्च-एप्रिलमध्ये तेच उतार जळत असतात आणि धुराने डोंगर दिसत नाहीत. त्या दोन महिन्यांत जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी असते, तर पुआची भातखाचरे पावसाळ्यात हिरवी असतात. दोई फू खा राष्ट्रीय उद्यानात ‘चोम्फू फू खा’ या दुर्मिळ झाडाला गुलाबी फुलांचे घोस येतात तेही फेब्रुवारी-मार्चमध्येच, तेवढा अपवाद करावा.

बो क्लुआ. नावाचा अर्थच मिठाची विहीर. समुद्र शेकडो किमी. दूर आणि डोंगराच्या पोटात खारे पाणी. बो लुआंग गावात अशा दोन मुख्य विहिरी आहेत, तोंडाशी लाकडी चौकट बसवलेल्या. पाणी उपसून झोपडीत आणतात, मातीच्या चुलाण्यावरच्या मोठ्या कढईत ओततात, लाकडे सारतात. चार-पाच तासांत पाणी आटते आणि तळाला मीठ बसू लागते. ते झाऱ्याने काढून बांबूच्या निमुळत्या टोपलीत भरतात. टोपली कढईवरच टांगलेली, त्यामुळे निथळलेला प्रत्येक थेंब परत कढईत पडतो. या मिठात आयोडिन नसते, म्हणून विकण्याआधी ते वरून मिसळावे लागते. एके काळी हे मीठ बैलांच्या पाठीवरून लुआंग फ्राबांग आणि सिप्सोंग पन्नापर्यंत जाई. वर्षावासाच्या तीन महिन्यांत मात्र कढया चुलीवर चढवायच्या नाहीत, असा रिवाज आहे. त्या दिवसांत पाऊसही इतका असतो, की ओली लाकडे पेटायचीच नाहीत. जुलैत आलेल्याला झोपडीत गार चूल आणि पालथी कढई दिसते, आणि बाहेरच्या फळीवर आधीच्या मोसमातल्या मिठाच्या पुड्या रांगेत मांडलेल्या.